गाफीलपणा आणि अग्रक्रम : भूमिकाखेळांतील युद्धनियमांचा इतिहास

१

पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालते, परंतु बोलणे थांबले की खेळच उरत नाही, असा खेळांचा एक वर्ग गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य देशांत निर्माण झाला आणि तेथून सर्वत्र पसरला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो; उरलेले प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निर्णय फाशांवर सोपविला जातो. या खेळांस आपण येथे 'भूमिकाखेळ' म्हणू. भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे लक्ष द्यावे याचे कारण उघड आहे. येथे घडणारी प्रत्येक गोष्ट प्रथम वाक्य म्हणून उच्चारली जाते, आणि उच्चारली गेली म्हणूनच ती घडते.

पात्रे प्रवास करीत असतात, वाटाघाटी करीत असतात, तोपर्यंत हे संभाषण सहज चालते. लढाईचा प्रसंग उद्भवला की मात्र अडचण उभी राहते. लढाईत सगळे एकाच वेळी हालतात. बोलताना मात्र एका वेळी एकानेच बोलावे लागते. जे एकसमयी आहे ते क्रमाने कसे सांगावयाचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे अग्रक्रमाचा नियम होय. त्याच्या जोडीस दुसरा प्रश्न येतो. दोन पक्षांपैकी एकास दुसऱ्याची चाहूलच नसेल तर काय करावे? इंग्रजी नियमपुस्तकांत या स्थितीस 'सर्प्राइज' म्हणतात. हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला त्याचा अर्थ 'अवचित गाठणे, पकडणे' असा होता. नवलाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. म्हणून 'आश्चर्य' हा प्रतिशब्द येथे निरुपयोगी आहे. मराठीत अरबी-फारसी मार्गाने आलेला 'गाफील' हा शब्द या अर्थाशी नेमका जुळतो. संस्कृत 'सावधान'वरून आलेल्या 'सावध' या शब्दास फारसी 'बे' जोडून आपण केलेला 'बेसावध' हा संकरही तेच सांगतो. दोन्ही शब्द मनाची अवस्था सांगतात, पाळीचा क्रमांक सांगत नाहीत.

हा भेदच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. गाफीलपणा ही ज्ञानाची बाब आहे. अग्रक्रम ही क्रमाची बाब आहे. भूमिकाखेळांच्या प्रमुख परंपरेत या दोहोंपैकी पहिलीचे रूपांतर हळूहळू दुसरीत झाले, असे नियमपुस्तके कालक्रमाने वाचली असता आढळून येते. ते का झाले आणि त्यात काय मिळाले व काय गमावले, हे पाहावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एकच प्रसंग आपण शेवटपर्यंत डोळ्यांपुढे ठेवू. चौघे प्रवासी भुयारातील एक दार हळूच उघडतात. आत चार लुटारू दाराकडे पाठ करून जेवीत बसले आहेत.

२

या नियमांचे मूळ युद्धपटात आहे. प्रशियातील गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइस्विट्झ याने १८१२ साली आपला युद्धपट तेथील राजास दाखविला, आणि त्याच्या सैन्याधिकारी पुत्राने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. खेळ १ : ८००० या प्रमाणाच्या नकाशावर होई आणि एक फेरी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे, असा हिशेब असे. प्रशियाच्या सैन्याच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांनी या खेळाची शिफारस केल्यानंतर तो लष्करी शिक्षणाचा भाग झाला.

आपल्या दृष्टीने या खेळातील महत्त्वाची व्यक्ती म्हणजे पंच. दोन्ही पक्ष आपापल्या आज्ञा पंचाकडे देत. पंच त्या एकाच वेळी अमलात आणी. जी पथके शत्रूस दिसू शकत नसत ती नकाशावर मांडलीच जात नसत. म्हणजे येथे दोन्ही प्रश्न नियमांवाचून सुटतात. आज्ञा एकदम अमलात येतात, म्हणून अग्रक्रम लागत नाही. आणि शत्रू कोठे आहे हे खेळाडूस खरोखरच ठाऊक नसते, म्हणून गाफीलपणाचे सोंग आणावे लागत नाही. गाफील असतो तो खेळाडू स्वतः.

एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा खेळ घरच्या जमिनीवर आणला. तेथे पंच आवश्यक राहिला नाही. सैन्ये मांडीपर्यंत मध्ये पडदा धरावा, मग तो काढावा आणि दोघांनी आळीपाळीने चाली कराव्यात, अशी ही व्यवस्था होती. पडदा निघाल्यावर सर्वांस सर्व दिसते. पंच नाहीसा झाला की अज्ञान टिकविणे कठीण होते आणि एकसमयी हालचालीच्या जागी पाळी येते, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावयास हवी.

३

गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे पुस्तक १९७१ मध्ये अमेरिकेत निघाले. त्यात चालींच्या दोन पद्धती दिल्या आहेत. एकीत दोन्ही पक्ष आपल्या आज्ञा आधी लिहून ठेवतात. ही प्रशियन परंपरा होय. दुसरीत प्रत्येक फेरीच्या आरंभी दोन्ही पक्ष फासा टाकतात आणि ज्याचे दान मोठे तो आधी चालावयाचे की मागाहून, हे ठरवितो. जिंकणाऱ्यास पहिली चाल मिळत नाही, निवड मिळते, हा बारकावा मनोज्ञ आहे. कारण शत्रूची चाल पाहून मग आपली चाल करणे हाही लाभच असतो.

याच पुस्तकात माणसामाणसांतील द्वंद्वासाठी वेगळा नियम आहे. पहिला घाव सामान्यतः चढाई करणाऱ्याचा. परंतु बचाव करणाऱ्याचे शस्त्र दोन श्रेणींनी लांब असेल, किंवा तो उंचावर उभा असेल, तर पहिला घाव त्याचा. अंगाशी भिडल्यानंतर मात्र आखूड शस्त्रास लाभ मिळतो. भाला आधी पोहोचतो, पण जवळ आलेल्या खंजिरापुढे तो अवजड ठरतो. क्रम येथे नशिबावर अवलंबून नाही, वस्तूंच्या स्वभावातून तो निघतो.

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांत प्रसिद्ध झाला, आणि भूमिकाखेळाचा इतिहास तेथून सुरू झाला असे मानले जाते. तिसऱ्या पुस्तिकेतील गाफीलपणाचा नियम अत्यंत सोपा आहे. षट्पैलू फाशावर १ किंवा २ पडल्यास तो पक्ष गाफील ठरतो. समोरच्यास एक चाल फुकट मिळते. उजेड, आवाज किंवा परचित्तज्ञान यांमुळे आधीच चाहूल लागली असेल तर गाफीलपणाचा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय गाफील सापडलेल्याच्या हातून एखादी वस्तू गळून पडण्याचा संभव शेकडा २५ मानला आहे. नियम लहान आहे, पण त्यात मनुष्यस्वभाव आहे. दचकलेल्याच्या हातातून मशाल पडते.

अग्रक्रमाविषयी मात्र या पुस्तिकांत स्पष्ट मार्गदर्शन नव्हते; 'चेनमेल' जवळ असेल असे जणू गृहीत धरले होते. १९७५ साली प्रकाशकांच्या नियतकालिकात खुलासा आला. अग्रक्रम प्रत्येक वेळी पाहावा, दोघांनी फासे टाकावेत आणि मोठ्या दानास चपळाईची भर घालून त्याने पहिला घाव घालावा, असा त्याचा आशय होता.

आपल्या भुयारात याचा परिणाम असा होतो. लुटारूंच्या बाजूने १ किंवा २ पडले तर चौघा प्रवाशांनी एकेक घाव घालावा, तोवर लुटारूंनी काही करू नये. त्यानंतर अग्रक्रमाचे फासे पडावेत. दोन नियम, दोन वेगळे फासे आणि दोन वेगळे अर्थ. ज्ञान आणि क्रम यांची गल्लत येथे झालेली नाही.

४

यापुढील पंधरा वर्षांत नियमकर्त्यांनी इतकी भिन्न उत्तरे दिली की त्यांवरूनच प्रश्नाची खोली कळावी.

१९७७ मध्ये एरिक होम्स यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची नवशिक्यांसाठी आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात ज्याची चपळाई अधिक तो आधी, असा क्रम आहे. अंतर एकदोन गुणांचेच असेल तर फासा. त्याच वर्षीच्या 'ट्रॅव्हलर' या आकाशप्रवासाच्या खेळाने गाफीलपणास कालमर्यादाच दिली नाही. दोन्ही पक्षांच्या फाशांत तीन किंवा अधिक अंतर पडले तर मोठे दान असणाऱ्यास समोरचा गाफील सापडतो, आणि हा लाभ तो नष्ट होईपर्यंत टिकतो. बंदुकीचा बार झाला की तो संपतो. काम निःशब्द शस्त्राने होत असेल तर संपत नाही. गाफीलपणा म्हणजे ज्ञानाचा अभाव, ही कल्पना येथे सर्वांत तर्कशुद्ध स्वरूपात आढळते. अज्ञान आहे तोवर गाफीलपणा आहे; त्याला फेऱ्यांचे माप नाही.

स्टीव्ह पेरिन आणि त्यांचे सहकारी यांच्या १९७८ मधील 'रूनक्वेस्ट'मध्ये बारा सेकंदांची फेरी आहे. पात्राची चपळाई, देहाचे आकारमान आणि शस्त्राची लांबी यांवरून प्रत्येकाच्या घावाचा क्षण ठरतो. फेरीच्या आरंभी प्रत्येकाने आपला मानस सांगावयाचा, मग गणिताने क्रम लावावयाचा, अशी ही रीत आहे.

१९७९ मध्ये गायगॅक्स यांचा 'ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा सूत्रधारासाठी लिहिलेला ग्रंथ निघाला. त्यात एक मिनिटाची फेरी सहा सेकंदांच्या दहा खंडांत विभागली आहे. गाफीलपणाचा जुना फासा कायम आहे; पण फाशावरील अंक आता खंडांची संख्याही सांगतो. १ पडला तर एक खंड, २ पडले तर दोन. त्या प्रत्येक खंडात समोरच्याने पूर्ण फेरीइतके घाव घालावेत. यानंतर अग्रक्रमाचा फासा, तो बरोबरीत सुटल्यास शस्त्रांच्या वेगाचे अंक, आणि मंत्र म्हणणाऱ्यास लागणारे खंड यांचा मेळ घालावयाचा असतो. या कलमांचा परस्परसंबंध कसा लावावयाचा याविषयी खेळणाऱ्यांत पुढे दशकानुदशके वाद चालले.

या जटिलतेहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. फासा उलट पडला, म्हणजे गाफील आपले प्रवासीच ठरले, असे समजा. दार उघडताच लुटारू सावध आहेत. फाशावर २ आले. दोन पूर्ण फेऱ्यांचे घाव बसतात. एखादा प्रवासी या अवधीत मरून जातो. आणि त्याची भूमिका घेणाऱ्या खेळाडूने तोपर्यंत एक शब्दही उच्चारलेला नसतो. प्रशियन अधिकाऱ्याचे एखादे पथक गाफील सापडले तर त्याच्याजवळ दुसरी पथके असत. त्याचा खेळ थांबत नसे. भूमिकाखेळातील खेळाडूजवळ एकच पात्र असते. त्याची पाळी गेली की त्याचा आवाज गेला. पाळी काढून घेणे म्हणजे काय, हे युद्धपटात कधी इतक्या तीव्रतेने जाणवले नसावे.

५

पुढील काळातील बदल या जाणिवेच्या दिशेने वाचता येतात. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दहा पैलूंच्या फाशावर १ ते ३ आल्यास गाफीलपणा असे झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने मोठे वळण घेतले. अग्रक्रमासाठी प्रत्येकाने वीस पैलूंचा फासा एकदाच टाकावा, त्यात चपळाईची भर घालावी, आणि जो क्रम येईल तोच लढाई संपेपर्यंत फिरत राहावा, असा नियम झाला. गाफील कोण हे स्वतंत्र फाशाने न ठरविता कोणी कोणास पाहिले-ऐकले यावरून ठरू लागले, आणि सावध असलेल्यांना एक मर्यादित 'गाफीलपणाची फेरी' मिळू लागली. तीत प्रत्येकास एकच लहान कृती करता येई. ज्याची पहिली पाळी अद्याप यावयाची आहे त्यास स्वतःचा बचावही पूर्णपणे करता येत नसे. गाफीलपणा येथे दोन भागांत वाटला गेला. एक भाग ज्ञानाचा राहिला, दुसरा क्रमात मिसळला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ती स्वतंत्र फेरी काढून टाकली. लपून येणाऱ्यांचे कौशल्य समोरच्यांच्या जागरूकतेशी ताडून पाहावयाचे. जो गाफील ठरेल त्याने पहिल्या पाळीत हालू नये, कृती करू नये, आणि ती पाळी संपेपर्यंत प्रतिक्रियाही देऊ नये. 'प्रतिक्रिया' ही या नियमांतील पारिभाषिक संज्ञा आहे. दुसऱ्याच्या पाळीत मध्येच हस्तक्षेप करण्याचा तो अधिकार होय. म्हणजे गाफील माणसाचे बोलणेही थांबते आणि दुसऱ्याचे बोलणे तोडण्याचा हक्कही जातो.

परंतु यातून एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. आपल्या भुयारात परत येऊ. लुटारू गाफील आहेत. सर्वजण फासे टाकतात. लुटारूंच्या नायकास १९ पडतात, धनुष्य ताणून उभ्या असलेल्या प्रवाशास ८. क्रमाने प्रथम नायकाची पाळी येते; तो गाफील असल्यामुळे ती रिकामी जाते. ती संपताच तो गाफील राहत नाही. त्यानंतर प्रवाशाची पाळी येते आणि बाण सुटतो. बाण सुटण्यापूर्वी काहीच घडलेले नाही. ना आवाज झाला, ना सावली हलली. तरीही नायक सावध झाला आहे. मारेकऱ्याची भूमिका घेणाऱ्यास याचा विशेष फटका बसे, कारण गाफील शत्रूवर त्याचा घाव अधिक खोल जाई, आणि फासा प्रतिकूल पडला की तो लाभ हातचा निसटे. ज्ञानाच्या अवस्थेला क्रमाने मोजू लागले की असे विपरीत घडणे अटळ आहे.

२०२४ च्या सुधारित आवृत्तीने हा विरोध मिटविला. गाफील असलेल्याने अग्रक्रमासाठी दोन फासे टाकावेत आणि त्यांतील लहान दान घ्यावे, एवढाच नियम उरला. पाळी कोणाचीच जात नाही. ती फार तर मागे पडते. रूपांतर येथे पुरे झाले. गाफीलपणा आता क्रमाचाच एक प्रकार आहे.

सर्वच खेळ या मार्गाने गेले असे मात्र नव्हे. २०१९ मधील 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत गाफीलपणाची वेगळी अवस्था नाही. पण अग्रक्रमाचा फासा चपळाईवर न टाकता सामान्यतः जागरूकतेवर टाकतात, आणि लपून येणारा तो आपल्या लपण्याच्या कौशल्यावर टाकतो. ज्ञान क्रमात विरले असे येथे म्हणता येणार नाही. क्रमच ज्ञानातून काढला आहे.

६

हे सर्व भाषाशास्त्राच्या परिभाषेत मांडून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. योगायोग असा की ज्या १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' निघाला त्याच वर्षाच्या अखेरीस 'लँग्वेज' या नियतकालिकात सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा संभाषणातील पाळीविषयीचा सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. पाळीची व्यवस्था जेथे जेथे आढळते त्यांची उदाहरणे देताना त्यांनी खेळांतील चालींचा उल्लेख आरंभीच केला आहे. त्यांच्या मते संभाषणात पुढील वक्ता मुख्यतः दोन रीतींनी ठरतो. एक तर बोलणारा पुढच्यास निवडतो, नाही तर जो आधी तोंड उघडेल त्यास पाळी मिळते. कोणीच पुढे आले नाही तर बोलणाराच पुढे चालू ठेवू शकतो. याच्या दुसऱ्या टोकास विधी आणि वादसभा असतात. तेथे पाळ्या आधीच वाटून दिलेल्या असतात.

या मोजपट्टीने पाहता २००० नंतरचा मुख्य प्रवाह वादसभेच्या टोकाशी आहे. फासे एकदा पडतात आणि वक्त्यांची यादी तयार होते. संभाषणाच्या टोकाकडे जाणारे खेळही याच काळात निघाले. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० मधील 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये अग्रक्रमाचा नियमच नाही. सूत्रधार प्रसंग सांगतो, कोणास तरी 'तू काय करतोस?' असे विचारतो आणि बोलण्याच्या ओघात पाळ्या लागतात. २०१२ मधील 'मार्व्हल हिरोइक रोलप्लेइंग'मध्ये ज्याची पाळी संपली त्याने पुढच्याचे नाव घ्यावयाचे आणि फेरीत शेवटी राहिलेल्याने पुढील फेरीचा पहिला मानकरी नेमावयाचा. प्रवाशांनी उतावीळपणे आपल्याच माणसांची नावे आधी घेतली तर शेवटी लुटारू उरतात आणि पुढील फेरीही तेच सुरू करतात. परिणामी ते लागोपाठ दोनदा घाव घालतात. म्हणून शत्रूस कधी बोलू द्यावे याचा विचार करावा लागतो. चांगल्या संभाषणातही तो करावाच लागतो.

मराठीत आपण 'पाळी' हा शब्द खेळातही वापरतो आणि बोलण्यातही. या खेळांत त्या दोन अर्थांमध्ये अंतरच नाही. पाळी म्हणजे बोलण्याचा हक्क, आणि तो हक्क हेच खेळाडूचे सर्वस्व. गाफीलपणाचे क्रमात रूपांतर का झाले याचे प्रस्तुत लेखकास दिसणारे उत्तर हेच आहे. अज्ञान पात्राचे असते. शिक्षा मात्र खेळाडूस होत असे. प्रशियन पंचाच्या खेळात अज्ञान खेळाडूचेच होते, म्हणून ती विसंगती नव्हती. भूमिकाखेळात टेबलाशी बसलेल्या सर्वांस दार उघडले हे ठाऊक असते. न ठाऊक असण्याचे फक्त सोंग असते. सोंगासाठी माणसाचा खराखुरा आवाज काढून घ्यावा का, हा प्रश्न नियमकर्त्यांपुढे होता, आणि मुख्य परंपरेने त्याचे उत्तर क्रमाक्रमाने 'नाही' असे दिले.

या उत्तराची किंमतही ध्यानात घ्यावयास हवी. २०२४ च्या नियमाप्रमाणे पाठमोरा जेवीत बसलेला लुटारू, दोन्ही दाने मोठी पडल्यास, बाण सुटण्यापूर्वीच उठून उभा राहू शकतो. हे कसे घडले, हे सांगण्याचे काम आता नियम करीत नाही. ते सूत्रधारास करावे लागते. बिजागरी कुरकुरली, दिव्याची ज्योत वाऱ्याने हलली, असे एखादे वाक्य त्याने शोधावे लागते. १९७४ च्या पुस्तिकेत हातातून मशाल पडण्याचा जो संभव नियमानेच दिला होता, तसे काही आज नियमाकडून मिळत नाही. अर्थाचा भार नियमावरून निवेदनावर आला आहे.

तथापि लाभ-हानीचा हिशेब मांडता पारडे लाभाकडे झुकते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. निवेदनातील उणीव चांगला सूत्रधार एका वाक्याने भरून काढू शकतो. पाळी गमावलेल्या खेळाडूचे मौन भरून काढण्याचा उपाय मात्र कोणत्याही सूत्रधाराजवळ नाही. ज्या खेळात जगणे, लढणे आणि मरणे ही सर्व वाक्यांनीच होतात, तेथे पात्र मरावयाचे असेल तर मरो. पण त्याच्या खेळाडूस त्याआधी निदान एक वाक्य बोलता यावे. पन्नास वर्षांच्या नियमांतून हळूहळू सिद्ध झालेली ही गोष्ट न्यायाची आहे.